पोटॅशियम क्लोराइड, शिरेवाटे

रक्तातले पोटॅशियम घटल्यावर ते भरून काढण्यासाठी सलाईनमधून देण्याचे औषध. वॉर्डातल्या बोलीत ‘केसीएल’. जुलाब, उलट्या, लघवी वाढवणारी औषधे, मधुमेही कीटोआम्लतेतले इन्सुलिन ही घट होण्याची नेहमीची कारणे. रुग्ण गिळू शकत असेल आणि घट सौम्य असेल, तर तोंडावाटे देणेच बरे.

शरीरातले सुमारे ९८% पोटॅशियम पेशींच्या आत असते. रक्तद्रवात लिटरमागे जेमतेम ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट. हृदयाची लय मात्र या दोहोंतल्या फरकावर चालते, म्हणून औषध तेच असले तरी वेग चुकला की ते घातक ठरते. सिरिंजने थेट शिरेत सोडल्यास हृदय थांबू शकते. अमेरिकेत देहदंडाच्या इंजेक्शनात हेच द्रव्य वापरले गेले आहे.

भारतात सहसा मिळणाऱ्या १५% तीव्रतेच्या १० मिलिलिटर अँप्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असते. ती ५०० मिलिलिटर सलाईनमध्ये मिसळली की लिटरमागे ४० होते, आणि हातावरच्या शिरेसाठी सहसा हीच कमाल मर्यादा मानतात. वेग तासाला १० मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे ही बाटली किमान दोन तास चालायला हवी. तासाला २० पर्यंत जायचे तर मोठ्या शिरेतली नळी, इन्फ्यूजन पंप आणि सतत ईसीजी हवा. ही मापे प्रौढांची. मुलांचा हिशेब वजनावर.

टांगलेल्या बाटलीत केसीएल कधीही टोचू नये. ते जड असल्याने तळाशी साचते आणि पहिल्याच थेंबांतून एकवटून जाते. बाटली खाली काढून, औषध घालून, अनेकदा उलटीसुलटी करावी. डेक्स्ट्रोज टाळावे: त्याने इन्सुलिन स्रवते, पोटॅशियम पेशींत शिरते आणि रक्तातली पातळी आणखी घसरू शकते. आधी लघवी होते आहे ना, मूत्रपिंडे ठीक आहेत ना, हे पाहावे. मॅग्नेशियम कमी असेल तर पोटॅशियम कितीही ओता, टिकत नाही; ही तपासणी हटकून विसरली जाते. शीर जळजळत असल्याची तक्रार ‘थोडे दुखणारच’ म्हणून उडवून लावू नये. वेग कमी करावा, सुईची जागा पाहावी. द्रव बाहेर झिरपला तर ऊती मरतात. ईसीजीत उंच, टोकदार टी-लहरी दिसल्या की सलाईन तत्काळ बंद.

बऱ्याच अपघातांत डोसाचा हिशेब बरोबर असतो, हातात आलेली अँप्यूल चुकीची असते. डिस्टिल्ड वॉटरची अँप्यूलही तशीच पारदर्शक दिसते. अमेरिकेतल्या रुग्णालय-मान्यता आयोगाने १९९८ मध्ये सुरू केलेल्या धोकासूचनांची पहिलीच सूचना याच औषधावर होती: तीव्र केसीएल वॉर्डातून हलवा. जिथे ते ठेवणे भागच आहे, तिथे वेगळे कुलूपबंद कपाट, ठळक लेबल आणि मिसळताना दुसऱ्या व्यक्तीची पडताळणी.