हजारे, विजय सॅम्युएल

(११ मार्च १९१५ – १८ डिसेंबर २००४). विख्यात भारतीय क्रिकेटपटू व भारताला कसोटी सामन्यातील पहिला विजय मिळवून देणाऱ्या संघाचे कर्णधार. जन्म सांगली येथे (तत्कालीन सांगली संस्थान, १९४९ पासून दक्षिण सातारा व १९६० पासून सांगली जिल्हा). प्रारंभी महाराष्ट्र व पुढे प्रदीर्घ काळ बडोदा या संघांकडून ते खेळले. ऑस्ट्रेलियाचे फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. भक्कम बचाव व अविचल एकाग्रता ही त्यांच्या फलंदाजीची वैशिष्ट्ये होत. ते उपयुक्त मध्यमगती गोलंदाजही होते.

१९४३ मध्ये मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध त्यांच्या संघाने केलेल्या ३८७ धावांपैकी ३०९ धावा एकट्या हजारे यांच्या होत्या. रणजी करंडकाच्या १९४७ मधील अंतिम सामन्यात गुल महंमद यांच्यासमवेत त्यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी रचली. कोणत्याही गड्यासाठीचा हा जागतिक उच्चांक २००६ पर्यंत अबाधित होता. १९४८ मध्ये ॲडिलेड येथे लिंडवॉल-मिलर यांच्या माऱ्यापुढे त्यांनी दोन्ही डावांत शतके (११६ व १४५) झळकावली. एकाच कसोटीत दोन शतके करणारे ते पहिले भारतीय होत.

१९५१ ते १९५३ या काळात १४ कसोटी सामन्यांत त्यांनी भारताचे नेतृत्व केले. त्यांपैकी एकच सामना भारताने जिंकला, पाच गमावले व आठ अनिर्णित राहिले. तो एकमेव विजय इंग्लंडविरुद्ध मद्रास येथे फेब्रुवारी १९५२ मध्ये मिळाला. त्याच वर्षी लीड्स येथे दुसऱ्या डावात शून्य धावांवर भारताचे चार गडी बाद झाले, तेव्हा हजारे यांनी ५६ धावा करून पडझड सावरली. नेतृत्वाच्या भाराने त्यांच्या फलंदाजीची हानी झाली, असे विजय मर्चंट यांचे मत होते. तथापि नाबाद १६४ ही त्यांची सर्वोच्च कसोटी धावसंख्या कर्णधारपदाच्या पहिल्याच सामन्यातील आहे. वेस्ट इंडीजच्या दौऱ्यातील अपयशानंतर मात्र त्यांचे कर्णधारपद व कसोटी कारकीर्द ही दोन्ही १९५३ मध्ये एकदमच संपली.

३० कसोटी सामन्यांत त्यांनी सात शतकांसह २,१९२ धावा (सरासरी ४७·६५) केल्या. पुढे काही काळ त्यांनी निवड समितीवर काम केले. १९६० मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ हा किताब देण्यात आला. राष्ट्रीय एकदिवसीय स्पर्धेच्या करंडकास त्यांचे नाव देण्यात आले आहे. वडोदरा येथे त्यांचे निधन झाले.