खानदेशातील सिकलसेल रुग्णांची औषधे व सवलती

सिकलसेल हा लाल रक्तपेशींचा आनुवंशिक व आजन्म टिकणारा आजार आहे. जळगाव व धुळे जिल्ह्यांत तो प्रामुख्याने सातपुड्याच्या पायथ्याच्या व साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतील भिल्ल, पावरा आदी आदिवासी समाजांत आढळतो. या आजारात औषध दीर्घकाळ घ्यावे लागत असल्याने औषधाचा अखंड पुरवठा आणि खर्चातील सवलती यांना उपचाराइतकेच महत्त्व आहे.

आजाराचे स्वरूप

हिमोग्लोबिनमधील दोषामुळे लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात व सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यामुळे तीव्र वेदना, रक्तक्षय व वारंवार जंतुसंसर्ग उद्भवतो. आई व वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. वाहक व्यक्तीस सहसा औषधोपचार लागत नाही.

नियमित औषधे

फॉलिक आम्ल व हायड्रॉक्सियुरिया ही मुख्य औषधे होत. हायड्रॉक्सियुरियामुळे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढते आणि वेदनांचे प्रसंग कमी होतात. मात्र त्याने पांढऱ्या पेशी व बिंबिका घटू शकतात. म्हणून ठरावीक काळाने रक्ततपासणी करूनच मात्रा पुढे चालू ठेवतात. गर्भधारणेचा विचार असल्यास स्त्री व पुरुष दोघांनीही आधी डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक असते.

चिठ्ठीचे नूतनीकरण

औषधे नियम, 1945 मधील नियम 65 नुसार, केवळ चिठ्ठीवर मिळणारे औषध त्याच चिठ्ठीवर पुन्हा देता येत नाही. डॉक्टरांनी ते किती वेळा वा किती अंतराने द्यावे हे लिहिले असेल, तर त्या मर्यादेतच ते देता येते. खासगी दुकानातून औषध घेणाऱ्यांना ही नोंद उपयोगी ठरते. शासकीय रुग्णालयात रुग्णपत्रिका व आधीचे तपासणी अहवाल सोबत नेल्यास पुढील औषध मिळणे सुलभ होते.

ऊसतोडीसाठी गुजरातेत वा अन्य जिल्ह्यांत जाणाऱ्या कुटुंबांत औषध खंडित होण्याचा धोका अधिक असतो. औषध थांबल्यास त्याचा लाभ हळूहळू नाहीसा होतो व वेदनांचे झटके पुन्हा सुरू होऊ शकतात. त्यामुळे स्थलांतरापूर्वी तपासणी करून घेणे, पुरेसा साठा मागणे व चिठ्ठीची प्रत जवळ ठेवणे हितावह असते.

शुल्कमाफी व अन्य सवलती

15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण, उपजिल्हा व जिल्हा रुग्णालयांत केसपेपर, तपासण्या व उपचार निःशुल्क आहेत. धुळे व जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने त्या निर्णयाच्या कक्षेत येत नाहीत. तेथील शुल्काची चौकशी स्वतंत्रपणे करावी लागते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. दरमहाच्या औषधांचा खर्च तिच्यातून भागत नाही. तिची पूर्ववर्ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2 जुलै 2012 रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळ्याचा समावेश होता.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील 21 प्रकारांत सिकलसेल आजाराचा समावेश आहे. कायद्यातील आरक्षणासारखे लाभ किमान 40 टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झाल्यासच मिळतात. राज्य परिवहन महामंडळाच्या बसमध्येही सिकलसेल रुग्णांना प्रवासभाड्यात सवलत आहे. तालुक्याच्या ठिकाणी वारंवार जावे लागणाऱ्या पाड्यांवरील रुग्णांना ती विशेष साहाय्यकारी ठरते.

राष्ट्रीय अभियान

राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा प्रारंभ 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे झाला. आदिवासी क्षेत्रांतील 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी व्यक्तींची तपासणी आणि 2047 पर्यंत आजाराचे निर्मूलन ही त्याची उद्दिष्टे आहेत.