बाळू धानोरकर : शेवटचे पाच दिवस

वणी यवतमाळ जिल्ह्यात, पण तिचा खासदार चंद्रपूरचा. वर्धा नदीवरचा पाटाळ्याचा पूल ओलांडला की जिल्हा बदलतो, मतदारसंघ तोच राहतो. म्हणून मे २०२३ मधला हा घटनाक्रम वणीचाही आहे.

शुक्रवार, २६ मे
मुतखड्याच्या त्रासामुळे खासदार सुरेश ऊर्फ बाळू धानोरकर नागपूरच्या रुग्णालयात दाखल. मुतखडा म्हटल्यावर आपल्याकडे कुणी फारसं धास्तावत नाही. लोकसभेच्या निकालाला तीनच दिवसांपूर्वी चार वर्षं पूर्ण झाली होती.

तो निकाल विसरण्यासारखा नव्हता. धानोरकर मूळचे शिवसैनिक, चंद्रपूरचे जिल्हाप्रमुख. २०१४ मध्ये वरोऱ्यातून संजय देवतळे यांना जेमतेम दोन हजार मतांनी हरवून ते आमदार झाले. २०१९ मध्ये शिवसेना-भाजप युती झाली आणि चंद्रपूरची जागा भाजपच्या हंसराज अहीर यांच्याकडेच राहिली. धानोरकरांनी आमदारकी सोडली आणि ते काँग्रेसमध्ये गेले. तिथंही आधी उमेदवारी जाहीर झाली विनायक बांगडे यांची. पक्षात आरडाओरड झाली आणि मग तिकीट धानोरकरांकडे फिरलं. केंद्रात मंत्री असलेल्या अहीरांना त्यांनी ४४,७६३ मतांनी पाडलं. महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी काँग्रेसच्या हाती लागलेली ही एकच. पक्ष बदलणाऱ्यांना लोक नावं ठेवतात. पण त्या मोदी लाटेत उमेदवाराची स्वतःची माणसं गावोगाव नसती, तर नुसत्या चिन्हावर ही जागा आली नसती, असं मी ठामपणे म्हणेन.

शनिवार, २७ मे, संध्याकाळ
वडील नारायणराव धानोरकर यांचं नागपुरात निधन. मुलगा त्याच शहरात खाटेवर.

रविवार, २८ मे
भद्रावतीत वडिलांवर अंत्यसंस्कार. बाळूभाऊ खांदा द्यायला जाऊ शकले नाहीत. प्रकृती खालावत होती. त्याच दिवशी एअर अँब्युलन्सनं त्यांना दिल्लीकडे हलवलं. दिल्लीत त्या सकाळी नव्या संसद भवनाचं उद्घाटन झालं. काँग्रेसचा बहिष्कार होता, त्यामुळे एरवीही ते तिथं गेले नसते. पण त्या नव्या सभागृहात त्यांना एकदाही बसता आलं नाही, याची हळहळ वाटते.

सोमवार, २९ मे
प्रकृती गंभीर. मतदारसंघातून फोनांवर फोन.

मंगळवार, ३० मे, पहाट
निधन. पन्नाशीही गाठली नव्हती. एका घरातले बाप-लेक तीन दिवसांत गेले. पत्नी प्रतिभाताई तेव्हा स्वतः वरोऱ्याच्या आमदार. सासऱ्यांचे दिवस व्हायच्या आधी त्यांच्यावर हा दुसरा घाला. दुपारी पार्थिव वरोऱ्याच्या घरी आणलं.

बुधवार, ३१ मे
वणी-वरोरा बायपासवरच्या मोक्षधामात अंत्यसंस्कार. याच वाटेनं वणीकडचा कोळसा जातो, आणि वणीची माणसंही आपली कामं घेऊन खासदाराकडे जायची.

त्यानंतर
सतराव्या लोकसभेची मुदत १६ जून २०२४ पर्यंत होती. म्हणजे जागा रिकामी झाली तेव्हा एक वर्ष आणि सतरा दिवस बाकी होते. एक वर्षाहून कमी काळ उरला, तर पोटनिवडणुकीची सक्ती नसते. इथं जास्त होता, सहा महिन्यांत मतदान व्हायला हवं होतं. झालं नाही. गिरीश बापट यांच्या निधनानं रिकाम्या झालेल्या पुण्याच्या जागेसाठी एक मतदार उच्च न्यायालयात गेला. डिसेंबरमध्ये न्यायालयानं निवडणूक घ्यायला सांगितलं, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं त्या आदेशाला स्थगिती दिली. चंद्रपूरची पोटनिवडणूकही झालीच नाही. खाणीच्या धुळीत राहणाऱ्या, दर पावसाळ्यात वर्धेच्या पुराकडे डोळे लावून बसणाऱ्या वणी-राजुऱ्याच्या लोकांचा प्रश्न संसदेत मांडायला त्यांचा निवडून दिलेला माणूसच नव्हता. हा अन्याय होता आणि तो नियम असूनही झाला.

१९ एप्रिल २०२४ ला मतदान, ४ जूनला निकाल. प्रतिभाताईंनी भाजपच्या सुधीर मुनगंटीवार यांना २,६०,४०६ मतांनी हरवलं. तोवर वणीला खासदार नव्हता, ३७१ दिवस.