मुंबईची रीतभात : आडनाव न विचारता चहा देणारे शहर कोणी घडवले?

मुंबईत पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला सल्ले देणाऱ्यांची कमतरता नाही. लोकलमध्ये चढण्याआधी उतरणाऱ्यांना वाट द्या. तिघांच्या बाकावर चौथा आला तर थोडे सरकून घ्या. इराण्याकडे ब्रून मस्का चहात बुडवून खा. वडापाव गाडीसमोर उभ्यानेच खा. हॉटेलात समोरच्या खुर्चीवर अनोळखी माणूस येऊन बसला तर कपाळाला आठ्या घालू नका. आणि या यादीच्या शेवटी एक वाक्य हमखास असते : "मुंबईत कोणी कोणाची जात विचारत नाही."

आम्हाला या शेवटच्या वाक्याविषयी बोलायचे आहे. ते सांगणारे असे सांगतात, की जणू समुद्र, पाऊस आणि दमट हवा यांच्यासोबत ही चालरीतही मुंबईला निसर्गानेच दिली आहे. रेल्वे आली, गिरण्या आल्या, गर्दी झाली आणि जात आपोआप विरघळली, असा हा सिद्धांत आहे. इतिहास मात्र वेगळे सांगतो. शेजारी बसून खाण्याची, एकाच पेल्यातून पाणी पिण्याची रीत या शहरात आपोआप रुजलेली नाही. ती मागावी लागली, भांडून घ्यावी लागली आणि शेवटी कायद्यात लिहावी लागली.

याचा पुरावा शोधायला फार लांब जायला नको. बाबासाहेबांचे मुंबईतले आयुष्यच पाहा. ते एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत होते. एकदा शिक्षकांनी त्यांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावले. फळ्यामागे मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. भीमराव फळ्याजवळ पोहोचण्याआधी सवर्ण मुलांनी धावत जाऊन आपापले डबे बाजूला केले. ही गोष्ट कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या एखाद्या खेड्यातली नाही, मुंबईतल्या नामांकित सरकारी शाळेतली आहे. पुढे 1907 साली मॅट्रिक होऊन ते एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. तिथला हॉटेलवाला ब्राह्मण होता. तो त्यांना चहा देत नसे आणि पाणीही देत नसे. त्यानंतर कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब 1918 साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. तिथे काही सहकारी प्राध्यापकांनी, आपल्यासाठी ठेवलेल्या भांड्यातले पाणी त्यांनी पिऊ नये, अशी हरकत घेतली.

शाळेत डबा, कॉलेजात चहा आणि प्राध्यापकांच्या खोलीत पाणी. माणूस विद्यार्थ्याचा प्राध्यापक झाला, तरी शहराची रीत बदलली नाही. शिक्षण आणि शहर यांनी जात आपोआप जाते, असे म्हणणाऱ्यांनी या तीन प्रसंगांचे उत्तर द्यावे.

आता गिरण्यांकडे वळू. 1928 च्या मोठ्या संपात जवळपास दीड लाख कामगार उतरले होते. त्याच वेळी बाबासाहेबांनी एक प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला : अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात काम का मिळत नाही? कारण उघड होते. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून धोट्याच्या भोकातून बाहेर काढावा लागे. एका धोट्याला अनेकांचे ओठ लागत. म्हणून अस्पृश्य नको! विणकाम खात्यात मजुरी जास्त होती, ती या एका कारणाने आमच्या माणसांना बंद झाली आणि त्यांच्या वाट्याला सूतकताईची कमी पगाराची कामे आली. म्हणजे खाण्यापिण्याचा विटाळ हॉटेलपुरता नव्हता, तो पगाराच्या पाकिटापर्यंत पोहोचला होता. लाल बावटा खांद्यावर घेऊनही ओठांचा विटाळ सुटत नव्हता, हे विसरता येणार नाही.

मुंबईच्या ज्या खाद्यसंस्कृतीचे आज कौतुक होते, तिच्याकडेही या नजरेने पाहावे लागेल. डबेवाल्यांची व्यवस्था एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उभी राहिली. त्यांच्या कष्टांविषयी आम्हाला आदरच आहे. पण घरचा डबा कचेरीपर्यंत यावा असे लोकांना का वाटत होते, याची कारणे केवळ चवीची नव्हती. बाहेर कोणी शिजवले आणि कोणी वाढले, ही धास्तीही त्यामागे होती. शहरात "हिंदू हॉटेल", "ब्राह्मणांची खाणावळ" अशा पाट्या उघड लागत. ही पाटी जेवणाऱ्याला आत बोलावत होती, तशीच दुसऱ्या कोणाला बाहेर ठेवत होती.

याच काळात इराणी कोपऱ्याकोपऱ्यावर दुकाने थाटत होते. कयानी 1904 सालची, ब्रिटानिया 1923 सालची. इराणी इथल्या जातिव्यवस्थेच्या बाहेरून आलेला. त्याला पैसे मोजणारे गिऱ्हाईक हवे होते, गिऱ्हाइकाचे गोत्र नको होते. संगमरवरी टेबलावर कोणीही बसावे, चहा प्यावा आणि उठावे, ही सवय मुंबईला लावण्यात त्याचा वाटा मोठा आहे. पण एकट्या इराण्यामुळे शहर बदलले असेही नाही. जिथे धंद्याचे हित समतेच्या विरोधात जाते, तिथे धंदेवाला समतेच्या बाजूने उभा राहत नाही. तिथे हक्कच लागतो.

चहाचा पेला ही राजकीय वस्तू आहे, हे सर्वात आधी ओळखले ते कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी. पाण्याला शिवला म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना त्यांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथे जाऊन सर्वांदेखत चहा प्यायले. छत्रपती ज्या कपाने चहा पितो, त्या कपाला विटाळ कसा म्हणणार? पण राजाने दिलेली सवलत राजासोबत संपू शकते. ती हक्कात बदलण्याचे काम मुंबईच्या कायदेमंडळात सुरू झाले. 4 ऑगस्ट 1923 रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव होता. त्यातला "धर्मशाळा" हा शब्द लक्षात घ्या. परगावी गेलेल्या माणसाने रात्री पाठ कुठे टेकायची, हा प्रश्न त्यात आहे. 1917 साली बडोद्यात नोकरीसाठी गेलेल्या बाबासाहेबांना हाच प्रश्न पडला होता. पारशी सराईत ते उतरले, तर अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दाराशी आले आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. परक्या शहरात पाहुणा होणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

ठराव कागदावर राहिला, म्हणून 20 मार्च 1927 रोजी महाडचे चवदार तळे घडले. आणि कायदा कोणाच्या मर्जीवर राहू नये म्हणून संविधान घडले. अनुच्छेद 15 मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीच्या जागा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. अनुच्छेद 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. 1955 च्या कायद्याने तर हॉटेल, धर्मशाळा, मुसाफिरखाना यांतील लोकांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणे हासुद्धा गुन्हा ठरवला. जगातल्या किती देशांच्या कायद्यात भांड्यांचा उल्लेख करावा लागला असेल? आमच्याकडे लागला, कारण आमच्याकडे भांड्यांनाही जात होती.

म्हणजे दादर स्टेशनबाहेर वडापावच्या गाडीसमोर दहा माणसे खांद्याला खांदा लावून खातात, तेव्हा ती नुसती भूक भागवत नसतात. त्या गाडीपर्यंत येणाऱ्या वाटेवर महाडचे तळे आहे, परळचे दामोदर हॉल आहे आणि बीआयटी चाळीतली ती खोली आहे, जिथे बाबासाहेब वीसएक वर्षे राहिले.

आता 6 डिसेंबरविषयी. 1956 साली बाबासाहेबांचे दिल्लीत महापरिनिर्वाण झाले आणि 7 डिसेंबरला दादरच्या समुद्रकिनारी अंत्यसंस्कार झाले. तेव्हापासून दरवर्षी लाखो माणसे चैत्यभूमीवर येतात. मुंबईत येणाऱ्या पाहुण्यांचा यापेक्षा मोठा, यापेक्षा शिस्तबद्ध मेळा क्वचितच असेल. ही माणसे भाकरी-चटणी बांधून आणतात, रात्र शिवाजी पार्कच्या मातीवर काढतात, तासन्‌तास रांगेत उभी राहतात आणि परत जाताना पोराबाळांसाठी पुस्तके विकत घेतात. तरीही दरवर्षी कुजबुज सुरू होते : गर्दी, घाण, विनातिकीट प्रवास. गर्दी तर या शहरात प्रत्येक उत्सवाला होते. रस्ते अडतात, कचरा साचतो. त्या वेळी तिला श्रद्धा म्हणायचे आणि आमच्या वेळी अस्वच्छता म्हणायचे, ही कुठली रीतभात? ज्या माणसामुळे या शहरात आडनाव न सांगता चहा मिळतो, त्याला अभिवादन करायला येणाऱ्यांना शहराने शिष्टाचार शिकवावेत, हा उलटा न्याय आहे.

आणि जुनी पाटी खरोखर उतरली आहे काय? आज तिच्यावरचे शब्द बदलले आहेत. भाड्याने घर शोधणाऱ्याला आधी पूर्ण नाव विचारतात आणि मग "घरात नॉनव्हेज शिजवता का?" असे विचारतात. 2023 साली पवईच्या आयआयटीत मेसमधली काही टेबले केवळ शाकाहारी जेवणासाठी राखली गेली आणि त्याचा निषेध करणाऱ्या विद्यार्थ्याला दंड झाला. काय खावे हा प्रत्येकाचा हक्क आहे, त्यावर आमचा आक्षेप नाही. शेजारच्याच्या ताटाचा विटाळ मानणे यावर आमचा आक्षेप आहे. फळ्यामागून डबे उचलणारी मुले आणि वेगळे टेबल मागणारी मुले यांच्यात शंभराहून अधिक वर्षांचे अंतर आहे. कृती मात्र ओळखीची वाटते.

म्हणून मुंबईत येणाऱ्या पाहुण्याला आमचेही चार शब्द. ब्रून मस्का जरूर खा, वडापाव खा, बोंबील आणि सुकटही खा. शेजारी बसलेल्याला गाव विचारा, काम विचारा, आडनावाची खोदून चौकशी करू नका. कोणी पाणी दिले तर पेला कोणाचा हे पाहू नका. आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आलात तर दादरला या, पुस्तकांच्या स्टॉलवर थांबा, रांगेतल्या म्हातारीला जागा द्या आणि "जयभीम" म्हणा. या शहराची खरी रीत तिथे शिकायला मिळेल.

जयभीम!