बियाण्याचा कुलवृत्तांत

आपल्या जुन्या घराण्यांत कुलवृत्तांत जपण्याची परंपरा आहे. मूळ गाव कोणते, कोणत्या पिढीने ते सोडले, हे आपण आस्थेने लिहून ठेवतो. वृक्षांच्या बियाण्याबाबत मात्र ही आस्था क्वचितच आढळते. तिच्या अभावी काय घडते, हे सुबाभळीच्या इतिहासावरून कळते.

सुबाभूळ मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेतील. स्पॅनिश गलबतांतून ती फिलिपिन्सला पोचली आणि पुढे आशियाभर पसरली. हा प्रसार मुख्यतः एकाच झुडपी वाणाचा होता. त्यातच ही जात बहुतांशी स्वपरागी. म्हणून मोजक्या झाडांपासून झालेली असंख्य संततीही जवळजवळ एकसारखीच राहिली.

हवाई विद्यापीठातील जेम्स ब्रूबेकर यांनी १९६० च्या दशकापासून निरनिराळ्या ठिकाणचे बियाणे जमविले व प्रत्येक नमुन्यास 'के' या अक्षराने सुरू होणारा क्रमांक दिला. त्यांतील 'के-८' हा उंच वाढणारा वाण मेक्सिकोच्या झाकाटेकास प्रांतातला. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे स्थापलेल्या 'बायफ' संस्थेने १९७० च्या दशकात अशा उंच वाणांचा महाराष्ट्रात प्रसार केला. चारा, जळण आणि जमिनीला नत्र, असा तिहेरी लाभ असल्याने शेतकऱ्यांनी ते आनंदाने स्वीकारले. पुढे बी हातोहात गेले. बांधावर पोचेतो क्रमांक गळून पडला व केवळ 'सुबाभूळ' हे नाव उरले.

मग संकट आले. कोवळ्या शेंड्यांतील रस शोषणारी सायलिड ही सूक्ष्म कीड १९८४ मध्ये हवाईत दिसली. दोनेक वर्षांत तिने फिलिपिन्स व इंडोनेशिया गाठले आणि १९८८ मध्ये ती दक्षिण भारतात येऊन थडकली. झाडे एकसारखी असल्याने सर्वत्र सारखीच बळी पडली. कीड सोसणारे वाण आणि सुबाभळीच्या भाऊबंद जाती शोधताना उपयोगी पडले ते क्रमांक लावून जपलेले जुने संग्रह. कोणते बी कोठले, हे तेथे लिहिलेले होते.

शासकीय सेवेत असताना रोपवाटिकांच्या अनेक नोंदवह्या आमच्या पाहण्यात आल्या. रोपांची संख्या, खर्च, जगलेल्या रोपांचे प्रमाण, सारे काटेकोर असे. बी कोणत्या झाडांचे, हा रकानाच नसे.

शेताच्या बांधावर अंजन, शिवण, हिवर वा खैर लावू इच्छिणाऱ्यांनी हा रकाना अवश्य आखावा. बी एकाच लेकुरवाळ्या झाडाखालून गोळा करू नये. निरोगी अशी किमान २५-३० मातृवृक्षे निवडावीत. जवळची झाडे बहुधा सख्खी भावंडे असतात, म्हणून दोहोंत ५० ते १०० मीटर अंतर राखावे. गाव, जमिनीचा प्रकार, वेचणीची तारीख, मातृवृक्षांची संख्या व वेचणाऱ्याचे नाव एका चिठ्ठीवर लिहून ती पिशवीत घालावी आणि तोच मजकूर वहीत उतरवावा. झाडाचे गुणदोष उमजण्यास पंधरा-वीस वर्षे लागतात. तेव्हा बी वेचणारा हयात असेलच असे नाही. वही मात्र असायला हवी.