ठिगळांचा सर्व्हर

हार्वर्डच्या ‘मार्क १’ या १९४४ सालच्या संगणकाची एक प्रोग्रॅमची कागदी फीत आजही जपलेली आहे. चुकीची छिद्रं बुजवायला तिच्यावर लावलेले तुकडे स्पष्ट दिसतात. संगणकवाले ज्याला ‘पॅच’ म्हणतात, ते मुळात हे असं खरंखुरं ठिगळ. पुढे फीत गेली, ठिगळ राहिलं. १९८५ मध्ये लॅरी वॉलने ‘पॅच’ नावाचा प्रोग्रॅमच लिहिला: बदललेल्या ओळी तेवढ्या पाठवायच्या, घेणाऱ्याने त्या आपल्या कोडवर चढवायच्या. ही सोय नसती, तर ‘अपाची’ हा वेब सर्व्हर जन्मलाच नसता.

अपाचीच्या आधी चलती होती इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए केंद्राच्या सर्व्हरची. तो रॉब मॅककूलने लिहिला आणि सर्वांना मुक्तपणे वापरायला दिला. १९९४ च्या मध्याला मॅककूल तिथून गेला आणि काम थंडावलं. साइट चालवणाऱ्यांना मात्र थांबून चालणार नव्हतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘हॉटवायर्ड’ या वेब-नियतकालिकातल्या ब्रायन बेहलेनडॉर्फला नोंदणी केलेल्या वाचकांचे पासवर्ड सांभाळायचे होते; त्याने ती सोय स्वतःच बसवली. ठिकठिकाणी असंच चाललं होतं. फेब्रुवारी १९९५ मध्ये अशा आठ जणांनी एनसीएसए सर्व्हरची १.३ ही आवृत्ती पायाला घेतली, सगळ्यांची ठिगळं तिच्यावर चढवली, आपापल्या चालू सर्व्हरवर पारखून पाहिली आणि एप्रिलमध्ये अपाचीची ०.६.२ ही आवृत्ती बाहेर काढली. नवी वीण कितपत टिकते, याची परीक्षा रोजच्या रहदारीतच झाली.

आता नाव. प्रकल्पाच्या जुन्या प्रश्नोत्तरांत सरळ लिहिलं होतं: ‘अ पॅची सर्व्हर’, म्हणजे ठिगळांचा सर्व्हर, म्हणून अपाची. अपाची फाउंडेशनने पुढे वेगळं सांगितलं: युद्धकौशल्य आणि चिकाटी यांसाठी ख्यात असलेल्या ‘अपाची’ या अमेरिकी आदिवासींबद्दलच्या आदरातून हे नाव घेतलं. खुद्द बेहलेनडॉर्फने २००० सालच्या एका मुलाखतीत सांगितलं की नाव त्याला सहज सुचलं, त्यातला श्लेष दुसऱ्याच कुणीतरी त्याच्या ध्यानात आणून दिला.

म्हणजे ‘ठिगळ’ ही लोकव्युत्पत्ती ठरते. पण ती खोडून टाकण्याइतकी हलकी नाही. नाव सुचणं आणि नाव रुजणं या दोन वेगळ्या घटना आहेत. प्रकल्पातल्याच माणसांनी ती व्युत्पत्ती स्वतःच्या कागदपत्रांत घातली, कारण त्यांचं रोजचं काम तिच्यात नेमकं उतरलं होतं. शिवाय ‘अपाची’ हे त्या लोकांचंही स्वतःचं नाव नव्हे. ते स्वतःला ‘न्दे’ म्हणवतात. ‘अपाची’ त्यांना स्पॅनिशांनी चिकटवलं. स्पॅनिशांनी ते बहुधा झुनींच्या भाषेतून उचललं असावं, जिथे त्याच्याशी जुळणारा शब्द नावाहो लोकांसाठी होता. यावापाई भाषेकडे बोट दाखवणारेही आहेत. बाहेरच्याने दिलेलं नाव बाहेरच्याने पुन्हा उचललं, इतकं मात्र नक्की.

ठिगळांचा काळ लवकर संपला. रॉबर्ट थाऊने आतली रचना नव्याने बांधली आणि १ डिसेंबर १९९५ ला १.० आवृत्ती आली. पुढची पिढीही अशीच आधीच्या सर्व्हरवरच्या कामातून निपजली: रशियातल्या इगोर सिसोएव्हने आधी अपाचीसाठी जोड-मॉड्यूल लिहिलं, मग २००४ मध्ये ‘एंजिनएक्स’ हा स्वतंत्र सर्व्हर खुला केला. २०११ मध्ये चीनच्या ताओबाओ या खरेदीच्या साइटने तोच आपल्या गरजेनुसार बदलून ‘टेंजिन’ म्हणून सर्वांसाठी मोकळा केला.

अपाचीच्या मुख्य प्रोग्रॅमचं नाव मात्र आजही ‘एचटीटीपीडी’ आहे. मॅककूलच्या सर्व्हरचं होतं तेच.