दोष कोणाचा? वेब-सर्व्हरच्या त्रुटिसंकेतांचा इतिहास

१

संगणकाच्या पडद्यावर उमटणारा ‘४०४’ हा आकडा आज सर्वसामान्य वाचकाच्याही परिचयाचा झाला आहे. त्याच्या उगमाविषयी एक आख्यायिका रूढ आहे. जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत वेबचा जन्म झाला. तेथील ४०४ क्रमांकाच्या खोलीत पहिला सर्व्हर होता, आणि मागितलेली फाइल न मिळाल्यास त्या खोलीचा क्रमांक कळविण्यात येई, अशी ती कथा. वेबच्या उभारणीत टिम बर्नर्स-ली यांचे सहकारी असलेले रॉबर्ट काय्यो यांनी ही कथा निराधार असल्याचे सांगितले आहे. तथापि लोकव्युत्पत्ती खोटी ठरली तरी ती निरर्थक नसते, हे भाषाभ्यासकांस ठाऊकच आहे. अर्थशून्य वाटणाऱ्या आकड्यामागे एखादे स्थळ, एखादा कर्ता असलाच पाहिजे, ही सामान्य जनांची अपेक्षा या कथेतून व्यक्त होते.

या संकेतांचा खरा इतिहास त्या कथेहून जुना आहे, आणि अधिक उद्बोधकही. त्यात एक महत्त्वाचे अर्थांतर घडून आलेले दिसते. प्रारंभी हे आकडे ‘पुन्हा प्रयत्न करावा काय?’ या प्रश्नाचे उत्तर देत असत. पुढे ते ‘चूक कोणाची?’ या प्रश्नाचे उत्तर देऊ लागले. पहिल्या प्रश्नाचा संबंध काळाशी, दुसऱ्याचा कर्त्याशी. सर्व्हरवर नवी सेवा चढविताना, म्हणजे व्यवहारात ज्याला डिप्लॉयमेंट म्हणतात त्या वेळी, होणाऱ्या चुकांचे निदान आजही कठीण का जाते, याचे एक कारण या अर्थांतरात सापडते.

२

तीन अंकी उत्तरसंकेतांची पद्धत वेबने निर्माण केली नाही. अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्यावर एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे फाइली पाठविण्यासाठी एफटीपी हा संकेतव्यवहार वापरला जाई. त्याच्या उत्तरांची पुनर्रचना जॉन पोस्टेल यांनी जून १९७४ मधील आरएफसी ६४० या टिपणात मांडली. तीत प्रत्येक अंकाला स्वतंत्र कार्य नेमून दिलेले आहे. पहिला अंक उत्तराचे स्वरूप सांगतो, दुसरा अंक विषय सांगतो, आणि तिसरा अंक त्या विषयातील सूक्ष्म भेद दाखवितो. प्रकृती, प्रत्यय आणि विकार यांची आठवण करून देणारी ही रचना आहे.

येथे पहिल्या अंकाचा अर्थ विशेष महत्त्वाचा आहे. १, २ आणि ३ हे अंक होकारार्थी उत्तरांचे; ४ आणि ५ हे नकारार्थी उत्तरांचे. परंतु ४ म्हणजे तात्पुरता नकार व ५ म्हणजे कायमचा नकार. फाइल दुसऱ्या कोणाच्या वापरात असेल तर ४५०, आणि फाइल मुळातच उपलब्ध नसेल तर ५५०. पहिल्या उत्तरानंतर यंत्राने थोडे थांबून तीच मागणी पुन्हा करावी; दुसऱ्यानंतर तशीच मागणी करण्यात अर्थ नाही. ऑगस्ट १९८२ मध्ये टपालवहनासाठी सिद्ध झालेल्या एसएमटीपी या व्यवहारानेही हाच भेद स्वीकारला. या व्यवस्थेत दोषी कोण, हा प्रश्न उद्भवतच नाही.

३

वेबच्या पहिल्या अवस्थेत, म्हणजे १९९१ च्या एचटीटीपी ०.९ मध्ये, संकेत नव्हतेच. चूक झाल्यास सर्व्हर वाचनीय मजकुराचे एक पान पाठवी. आणि ते पान त्रुटीचे आहे की मागितलेल्या मजकुराचे, हे ते वाचल्याशिवाय कळण्याचा मार्ग नव्हता. मनुष्याला ते पुरेसे होते, यंत्राला नव्हते. म्हणून १९९२ मध्ये सर्न येथे तयार झालेल्या मसुद्यात तीन अंकी संकेत आले. अंकांची संख्या आणि पहिल्या अंकाने वर्ग दाखविण्याची रीत जुनीच राहिली. ४ आणि ५ यांचा अर्थ मात्र पालटला. ४ म्हणजे मागणी करणाऱ्या ग्राहकाची चूक दिसते; ५ म्हणजे आपल्याकडून चूक झाल्याची जाणीव सर्व्हरला आहे. जुन्या व्यवस्थेतील ५५० आणि नव्या व्यवस्थेतील ४०४ ही एकाच घटनेची दोन वर्णने आहेत. पण पहिले वर्णन काळाविषयी बोलते, दुसरे कर्त्याविषयी.

या मसुद्याचे कर्ते सावध होते. हे दोन प्रकार निश्चितपणे वेगळे ओळखणे सर्वसाधारणपणे अशक्य आहे, म्हणून हा भेद केवळ माहितीपुरता समजावा, अशा आशयाचा इशारा त्यांनी तेथेच नोंदविला होता. मे १९९६ मध्ये एचटीटीपी १.० चे वर्णन आरएफसी १९४५ या रूपाने प्रसिद्ध झाले. त्यात वर्गीकरण कायम राहिले. इशारा मात्र गळला. व्याख्येतील ‘दिसते’ हे सावध क्रियापद तेवढे उरले. शास्त्राच्या इतिहासात असे अनेकदा घडते: सोयीसाठी केलेला भेद टिकून राहतो, आणि त्याची मर्यादा सांगणारे वाक्य पुढील आवृत्तीत नाहीसे होते.

काळाचा बोध गेल्याने पडलेली उणीव पुढे भरून काढावी लागली. ४०४ ही स्थिती तात्पुरती की कायमची, हे या संकेतावरून समजत नाही, असे मानकांनी स्पष्टपणे म्हटले. मग एचटीटीपी १.१ मध्ये ‘कायमचे गेले’ या अर्थाचा ४१० हा वेगळा संकेत घालण्यात आला. ‘सेवा सध्या उपलब्ध नाही’ या अर्थाच्या ५०३ बरोबर पुन्हा केव्हा यावे, हे सांगण्याची सोय झाली. जे पूर्वी एका अंकाने कळत असे, त्यासाठी आता स्वतंत्र शब्द लागले.

येथे व्याकरणाचा एक मुद्दा लक्षात घेण्याजोगा आहे. ४०४ बरोबर येणारे शब्द ‘सापडले नाही’ या अर्थाचे असतात. मराठीत ‘सापडणे’ या क्रियापदाबरोबर शोधणारा चतुर्थीत येतो: ‘त्याला पुस्तक सापडले नाही.’ चतुर्थ्यन्त पद गाळले की दोष शोधणाऱ्याचा, ठेवणाऱ्याचा की पुस्तकाच्या अभावाचा, हे अनिश्चित राहते. म्हणजे शब्द कोणालाच जबाबदार धरीत नाहीत. आकड्यातील पहिला ४ मात्र ग्राहकाकडे बोट दाखवितो. एकाच ओळीतील दोन भाषा परस्परविरुद्ध बोलतात.

४

या विसंगतीचा त्रास सर्वाधिक होतो तो सेवा चढविताना. अशा वेळी ग्राहकाची मागणी निर्दोष असते. चूक सर्व्हरच्या मांडणीत असते. परंतु मांडणीतील चूक सर्व्हरला बहुधा चूक म्हणून दिसत नाही. चुकीची मांडणी हेच त्याचे जग असते, आणि त्या जगाच्या दृष्टीने मागणीच विपरीत ठरते. परिणामी चालकाचा दोष ग्राहकाच्या माथी येतो.

काही उदाहरणे पाहावीत. जावा भाषेतील सेवा चालविणाऱ्या टॉमकॅट या सर्व्हरवर एखादी सेवा सुरू होतानाच अडखळली, तर सर्व्हर स्वतः चालू राहतो. त्या सेवेकडे जाणाऱ्या प्रत्येक मागणीस मात्र बहुधा ४०४ हे उत्तर मिळते. खरे कारण, म्हणजे न मिळालेली एखादी ग्रंथसंचिका किंवा डेटाबेसचा चुकलेला पत्ता, केवळ सर्व्हरच्या लॉगमध्ये लिहिलेले असते. अपाचे सर्व्हरवर फाइल जागेवर असूनही वरच्या एखाद्या फोल्डरात प्रवेश करण्याची परवानगी सर्व्हरच्या वापरकर्ता-खात्यास नसेल, तर पाहुण्यास ४०३ मिळतो. ‘मनाई आहे’ हे पाहुण्यास सांगितले जाते. वस्तुतः मनाई सर्व्हरलाच झालेली असते. एनजिनेक्स या सर्व्हरवर मागणीच्या मजकुराची मूळ मर्यादा १ मेगाबाइट असते. त्याहून मोठी फाइल पाठविणाऱ्यास ४१३ हा संकेत मिळतो. मर्यादा कोणी घातली आणि ती वाढविण्यास कोण विसरले, हे त्या आकड्यात येत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस सर्व्हरचा इतिहास याहून बोलका आहे. २००३ च्या सहाव्या आवृत्तीपासून, ज्या फाइलप्रकाराची नोंद मांडणीत नाही तो देण्याचे सर्व्हरने नाकारावे, असा कडक नियम आला. फाइल डिस्कवर असते, पत्ताही अचूक असतो, आणि तरीही उत्तर ४०४ येते. त्यासाठी तेथे ४०४.३ असा उपसंकेत आहे. परंतु एचटीटीपीच्या उत्तरसंकेतात तीनच अंकांस जागा असल्याने दूरच्या ग्राहकास ४०४ एवढेच कळते. दशांशचिन्हापुढील भाग लॉगमध्ये राहतो. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएफच्या सेवांना हाच अनुभव आला. आयआयएस बसविण्यापूर्वी डॉटनेट बसविले असेल, तर सेवेच्या फाइलप्रकाराची नोंद होत नसे आणि निर्दोष सेवा ४०४.३ देत असे. दोष स्थापनेच्या क्रमात होता. संकेत शोधण्याविषयी बोलत होता.

मांडणी तपासण्याची साधने होती. अपाचेच्या तपासणी-आज्ञेने मांडणीची फाइल वाचून वाक्यरचना ठीक असल्याचा निर्वाळा मिळतो. परंतु व्याकरणशुद्धता आणि अर्थपूर्णता या भिन्न गोष्टी आहेत, हे नोम चॉम्स्की यांनी १९५७ मध्ये एका निरर्थक पण व्याकरणशुद्ध वाक्याच्या साहाय्याने दाखविले होते. चुकीच्या पोर्टकडे मागण्या वळविणारी मांडणीही व्याकरणदृष्ट्या शुद्धच असते.

५

वेबसेवांच्या काळात दोषनिर्णयाची भाषा दुपदरी झाली. मे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सोप १.१ या मसुद्यात लिफाफ्याच्या आत दोषाचा स्वतंत्र संकेत असे, आणि त्यात ‘ग्राहक’ किंवा ‘सर्व्हर’ असे दोषीचे नाव स्पष्ट लिहिले जाई. परंतु असा दोषलेख पाठविताना बाहेरील एचटीटीपी संकेत नेहमी ५००च असावा, असाही नियम होता. म्हणजे आतील मजकूर ग्राहकास दोषी धरीत असतानाच बाहेरील आकडा सर्व्हरला दोषी ठरवी. जून २००३ च्या सोप १.२ मध्ये ‘प्रेषक’ व ‘ग्रहणकर्ता’ अशी नावे योजण्यात आली, आणि प्रेषकाच्या दोषास ४०० हा संकेत मिळाला. अकरा वर्षांपूर्वी सर्नच्या मसुद्याने अशक्यप्राय म्हटलेला भेद अधिक नेटका करण्याचाच हा प्रयत्न होता.

मराठी वाचकांस मात्र याहून निराळी चूक परिचयाची आहे, आणि तिला संकेतच नाही. १९९९ च्या एचटीटीपी १.१ च्या आवृत्तीनुसार, लिपिसंकेत न सांगितलेला मजकूर आयएसओ ८८५९-१ या पश्चिम युरोपीय संचातील समजला जाई. सर्व्हरच्या मांडणीत तोच संच सर्व पानांसाठी घोषित केलेला असला, तर युनिकोडमध्ये निर्दोष लिहिलेले मराठी पान वाचकापुढे चित्रविचित्र चिन्हांच्या रूपात येई. लेखकाने पानाच्या आत योग्य घोषणा केली तरी उपयोग नसे. कारण एचटीएमएल ४.०१ च्या नियमानुसार सर्व्हरच्या घोषणेस पानातील घोषणेपेक्षा अग्रमान होता. अशा प्रसंगी सर्व्हरचा संकेत २००, म्हणजे ‘सर्व ठीक’, असे. अक्षर न् अक्षर पोचलेले, आणि एकही वाचता न येणारे! दोष ग्राहकाचा की सर्व्हरचा, या द्वैतात न बसणारी चूक यंत्राच्या भाषेत चूकच ठरत नाही. जून २०१४ मध्ये आलेल्या आरएफसी ७२३१ ने हे जुने गृहीत काढून टाकले.

६

या इतिहासातून निदानाची एक रीत आपोआप निष्पन्न होते. संकेत हा निवाडा नसून साक्ष आहे, आणि साक्षीदार स्वतः खटल्यातील एक पक्ष आहे. कोणत्या सर्व्हरने तो उच्चारला, हे प्रथम ठरवावे लागते. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या मध्यस्थ सेवेने संरक्षणाचा एक नवा नियम सर्व जगभर एकाच वेळी लागू केला. त्यातील एका शोधसूत्राने तिच्या यंत्रांची सारी गणनशक्ती खाऊन टाकली, आणि सुमारे २७ मिनिटे असंख्य संकेतस्थळांवर ५०२ हा संकेत झळकत राहिला. ५०२ चा शास्त्रोक्त अर्थ, मध्यस्थास आतील सर्व्हरकडून सदोष उत्तर मिळाले, असा आहे. त्या दिवशी आतील सर्व्हर सुस्थितीत होते. कोसळला होता तो मध्यस्थच.

दुसरी गोष्ट लॉगची. बाहेर पाठविलेला संकेत त्रोटक असतो, कारण तपशील परक्याच्या हाती लागणे धोक्याचे असते. जून २०२२ च्या आरएफसी ९११० नुसार तर ४०४ चा अर्थ ‘सापडले नाही’ किंवा ‘असल्याचे सांगण्याची इच्छा नाही’ असा दुहेरी आहे. म्हणून त्रुटीचे पूर्ण वाक्य सर्व्हरच्या दप्तरातच वाचावे लागते. मार्च २०१६ मध्ये आरएफसी ७८०७ ने त्रुटीचा प्रकार, शीर्षक आणि तपशील शब्दांत देण्याची एक रचना सुचविली, व जुलै २०२३ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आरएफसी ९४५७ या नावाने आली. १९९१ च्या वाचनीय पानाकडे, पण आता यंत्रालाही वाचता येईल अशा रूपात, टाकलेले हे पाऊल होय.

तथापि लिहिणारा सर्व्हर आपल्याच मांडणीच्या आतून जगाकडे पाहतो, ही मूळ अडचण या रचनेनेही दूर होत नाही. फॉर्म भरताना ४०० च्या घरातील आकडा पाहून अर्जदार स्वतःलाच दोष देतो, पुन्हा पुन्हा तेच करून पाहतो, आणि मुदत टळली की निमूट परततो. त्याच वेळी सर्व्हरच्या लॉगमध्ये खरे कारण लिहिलेले असते, आणि ते वाचण्याचा अधिकार केवळ चालकास असतो. म्हणून ग्राहकास दोषी ठरविणारा प्रत्येक संकेत प्रथम चालकाने आपल्या दप्तराशी ताडून पाहावा, हेच १९९२ च्या त्या गळून गेलेल्या वाक्याचे आजचे तात्पर्य आहे.